नक्कल हातात द्या, इंग्रजी येईल
(पाटण येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शाळेत इंग्रजी नाटक कसं शिकवावं, हा आजचा विषय. तारळ्याला, ढेबेवाडीला परत जाणारी मंडळी समोर बसली आहेत, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. नाटक वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी द्यावं. पहिल्या पाच नंबरांच्या नव्हे, प्रत्येकाच्या. ज्याला अजून इंग्रजीची ओळ सरळ वाचता येत नाही, त्याच्या तर सगळ्यात आधी.

शेक्सपिअर कोण, शॉ कोण, हे या सभागृहात सांगायला नको. दहावीच्या कुमारभारतीत दोघंही आहेत. माणसाच्या सात अवस्थांची जी 'कविता' आपण शिकवतो, ते 'ॲज यू लाइक इट' नाटकातल्या एका पात्राचं भाषण आहे. जोन ऑफ आर्कचा धडा शॉच्या 'सेंट जोन'मधला आहे. म्हणजे नाटक पुस्तकात आहे. वर्गात मात्र गाइड आहे. मुलं फळ्यावरची उत्तरं उतरवून घेतात आणि नाटक संपतं. जागेवरून कुणी उठतसुद्धा नाही.

"आमच्या खेड्यातल्या पोरांना शेक्सपिअर कशाला? आधी स्पेलिंग येऊ दे," असं मला सांगितलं जातं. त्यावर आपल्याच मुलखातली गोष्ट ऐका. गोपाळ गणेश आगरकर 1856 साली जन्मले ते कराडजवळच्या टेंभू गावात. 1882 मध्ये त्यांनी कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. त्या कोठडीत त्यांनी कशाला हात घातला? 'हॅम्लेट'च्या मराठी रूपांतराला. 'विकारविलसित' या नावानं ते 1883 साली छापलं गेलं. आणि ते रंगभूमीवर गाजवलं कुणी? शाहूनगरवासी नाटक मंडळीनं. शाहूनगर म्हणजे आपला सातारा! गणपतराव जोशी चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, होऊन उभे राहत. शेक्सपिअरच्याच नाटकावरून केलेली 'त्राटिका'ही याच मंडळीची. तिकडे सांगलीजवळच्या हरिपूरचे नाटककार देवल, त्यांनी 1890 साली ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. आता मला सांगा, तिकीट काढून बसलेल्या त्या प्रेक्षकांतल्या किती जणांना इंग्रजी येत होतं? बापाच्या खुनानं कोसळलेला मुलगा त्यांना कळला, संशयानं बायकोचा जीव घेणारा नवरा कळला. ते ज्यांना कळलं त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज आपल्या बाकांवर बसली आहेत, आणि त्यांना हे झेपणार नाही म्हणता?

(टाळ्या)

अजून बरंच सांगायचं होतं, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. थेट पद्धतीवर येतो.

जुन्या नाटक कंपनीत नटाला सगळं नाटक मिळत नसे. त्याची नक्कल मिळे. स्वतःची भाषणं, आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-चार शब्द. शेक्सपिअरच्या मंडळींतही हीच रीत होती. वर्गात हेच करा. सबंध पानाची ज्याला धास्ती वाटते, त्याला दोन ओळींची वाटत नाही. शिवाय आपली ओळ कधी येते यासाठी त्याला दुसऱ्याचं इंग्रजी कान देऊन ऐकावं लागतं. ज्याला झेपेल त्याला जोन द्या, दुसऱ्याला शिपाई द्या. प्रवेश आधी मराठीत, मुलांच्या बोलीत उभा करा, मग इंग्रजीत.

'सेंट जोन'चा मूळ पहिला प्रवेश कुठून सुरू होतो? अंड्यांवरून. किल्ल्याचा सरदार रॉबर्ट कारभाऱ्यावर खेकसतोय, कारण कोंबड्या अंडी देत नाहीत. कारभारी म्हणतो, दारात ती पोरगी उभी आहे तोवर देणारही नाहीत. मी हा भाग नकला करून वर्गात देतो. मोरगिरी खोऱ्यातला एक मुलगा, वाचायला सांगितलं की खाली मान घालून उभा राहणारा. त्याला रॉबर्ट दिला. घरी कोंबड्या, त्यामुळे हा राग त्याला शिकवावा लागला नाही. 'एग्ज' म्हणताना त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की कारभारी झालेला मुलगा खरंच दोन पावलं मागे सरला. प्रवेशाच्या शेवटी कारभारी टोपली घेऊन धावत येतो, पाच डझन अंडी! सगळा वर्ग उभा होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलानं पुढच्या प्रवेशाची नक्कल स्वतः मागून घेतली.

मागून प्रश्न आला, "यानं मार्क वाढतात का?" पालकांनी तो विचारलाच पाहिजे. स्पेलिंगच्या चुका यानं जात नाहीत. त्यासाठी वेगळा सराव लागतोच. पण पात्र कसं आहे, ते असं का वागलं, या प्रश्नांपुढे जी मुलं जागा कोरी सोडत होती, ती आता स्वतःची वाक्यं लिहितात. तोडकीमोडकी असतील, पण त्यांची स्वतःची. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा मला ती मोलाची वाटतात, आणि यावर वाद घालायची माझी तयारी आहे. तासाला गोंगाट होतो ही तक्रार मात्र मी मान्य करणार नाही. नाटकाचा तास शांत असेल तर तिथं नाटक झालेलंच नाही.

दुसरी चिठ्ठीही आली. तेव्हा शिक्षकांना एवढीच विनंती: जूनमध्ये शाळा उघडली की गाइड आठवडाभर कपाटात ठेवा आणि एका प्रवेशाच्या नकला हातानं लिहून काढा. वर्गात एकही मूल नकलेशिवाय राहू देऊ नका. मी केलेल्या नकला बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा, झेरॉक्स काढा, वाटा.