कराराची पारख



जागतिक संस्थांजवळ फौज नाही. मग त्या पृथ्वीचे रक्षण कसे करणार, असे पुष्कळजण विचारतात. माझे आयुष्य मालक-मजुरांचे करार करण्यात गेले. कराराचा कागद मी तीन गोष्टींवरून पारखतो : मुदत, पैसा आणि मोडणाऱ्याला अटकाव.

ओझोनच्या थराचेच पाहा. हा थर सूर्याचे घातक किरण अडवतो. शीतकपाटांतील सीएफसी वायू त्याचा नाश करतात, असा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मॉन्ट्रियलला करार झाला. त्यात कपातीच्या तारखा होत्या. बाहेर राहणाऱ्यांशी या वायूंचा व्यापार बंद होता. पैसा मात्र नव्हता. नुकसान श्रीमंतांच्या कारखान्यांनी करावे आणि खर्च गरिबांनी सोसावा, हे भारत व चीन यांनी मानले नाही. १९९० मध्ये लंडनला निधी मान्य झाला. मग चीन १९९१ मध्ये आणि भारत १९९२ मध्ये करारात आला. आज तो थर हळूहळू भरून येत आहे.

आता २०१५ चा पॅरिस करार पाहा. कपातीचा आकडा ज्याचा त्याने ठरवायचा. न पाळल्यास दंड नाही. गरीब देशांना २०२० पर्यंत दरसाल शंभर अब्ज डॉलर देण्याचे वचन होते. खुद्द श्रीमंत देशांच्या हिशेबानेच ते २०२२ मध्ये पुरे झाले!

म्हणून या संस्थांकडे पाठ फिरवू नका. त्या वाटाघाटीचे मेज आहेत. पदरात काय पडेल, ते भोवती बसणाऱ्यांची एकजूट ठरवते.