आमवातासह जगताना
(खर्डा, ता. जामखेड येथे महिला व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

खर्ड्याचे नाव उच्चारताच मराठी मनाला 11 मार्च 1795 हा दिवस आठवतो. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले या भूमीवर एका निशाणाखाली लढले आणि येथल्या किल्ल्याच्या आश्रयास गेलेल्या निजामाला तह करावा लागला. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि घरातच दुही माजली. ज्यांनी राज्य राखायचे, तेच एकमेकांवर उठले. मी इतिहासाची अभ्यासक नाही. मात्र ज्या व्याधीविषयी मी आज बोलणार आहे, तिचे स्वरूप समजावून सांगायला याहून जवळचे उदाहरण मला सापडत नाही.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक सेना असते. तिला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो. ही सेनाच बहकते आणि सांध्याच्या आतील मऊ अस्तराला शत्रू समजून त्यावर तुटून पडते. अस्तर सुजते, जाड होते आणि कालांतराने कूर्चा व हाड कुरतडू लागते. डॉक्टर याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे आमवात हे नाव रूढ आहे. माधवकरांनी ‘माधवनिदाना’त आमवातावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. म्हणजे सांध्यांच्या अशा दुखण्याची नोंद आपल्या वैद्यांनी फार पूर्वीच घेतली होती.

म्हातारपणी गुडघे झिजतात, ते दुखणे वेगळे. ते चालल्याने वाढते आणि बसल्यावर थांबते. आमवाताचे उलटे असते. रात्रभराच्या विश्रांतीनंतर सकाळी सांधे आखडतात, तासभर किंवा त्याहूनही अधिक काळ मोकळे होत नाहीत आणि हालचाल सुरू झाल्यावर हळूहळू सैल पडतात. बोटांची पेरे, मनगटे, पायाचे चवडे असे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सारखेच सुजतात. सोबत थकवा, बारीक ताप, भूक मंदावणे. हा रोग केवळ वृद्धांचा नाही. ऐन संसाराच्या वयात तो गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन-तीन पटींनी अधिक आढळतो.

मला तो चौतिसाव्या वर्षी जडला. धाकटा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. पहाटे उठून भाकरी थापायला बसले, तर पिठावर हात पडेना. कुंकवाच्या डबीचे झाकण फिरेना. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू बोटांतून निसटायचा आणि मुले हसायची, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसायचे. घरी कुणाला सांगितले नाही. सासूबाईंना वाटे, सूनबाई सकाळी उठायला कंटाळा करते. त्यांचा दोष नव्हता. दिसायला मी धडधाकट होते आणि हे दुखणे दुपारपर्यंत ओसरलेले असे. जे दुखणे दिसत नाही, त्यावर विश्वास कुणी आणि कसा ठेवावा?

पुढे कुणीतरी सांगितले म्हणून एकाकडून पुड्या आणल्या. चौथ्या दिवशी जादू झाल्यासारखी बोटे मोकळी झाली. आठ महिने मी त्या पुड्यांवर काढले. चेहरा गोल होत गेला, अंगावर सूज आली, साखर वाढली. पुढे तपासणीत डॉक्टरांनी सांगितले की, त्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असावे. स्टिरॉइड हे मुळात वाईट औषध नव्हे. त्याच्या शोधासाठी 1950 साली नोबेल पारितोषिक दिले गेले आणि आजही डॉक्टर ते मोजून-मापून देतात. परंतु नाव, मात्रा काहीच ठाऊक नसलेली पुडी घेणे आणि ती एकाएकी बंद करणे, दोन्ही घातक आहे. त्या आठ महिन्यांत माझ्या उजव्या मनगटाचे हाड झिजले. ते परत आले नाही. आज मी हा हात तुमच्यासमोर धरते आहे, तो दया यावी म्हणून नव्हे. तुमच्यापैकी कुणी हे आठ महिने गमावू नयेत म्हणून.

या रोगात काळाला फार मोल आहे. पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार सुरू झाले, तर सांधे वाचवता येतात. मेथोट्रेक्सेट हे आजचे मुख्य औषध. ज्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत या जातीची औषधे प्रथम तयार झाली, ते आपल्या आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. माता-भगिनींनो, एक गोष्ट मात्र गाठ बांधून ठेवा. आमवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले, तर जिवावर बेतते. आमच्या घरी दिनदर्शिकेवर रविवारी लाल खूण असते आणि ती ‘हे’ करतात. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी, ठरावीक काळाने रक्ताची तपासणी, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला, कारण गर्भारपणात हे औषध चालत नाही. बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये. धूम्रपान या रोगाला खतपाणी घालते, हेही घरातील पुरुषांनी ऐकून ठेवावे.

आता रोजच्या जगण्याविषयी. सकाळी उठल्याबरोबर गरम पाण्यात हात बुडवून मी मुठी उघड-मीट करते. लाटणे, पेन, झारा यांना कापड गुंडाळून त्यांची मूठ जाड केली आहे, म्हणजे बोटांवर ताण पडत नाही. भरलेली पिशवी बोटांत न धरता खांद्याला अडकवावी. बादली अर्धीच भरावी. पिळायचे कपडे नळाभोवती वेढून पिळावेत. पाटाऐवजी खुर्ची आणि शौचालयात उंच बैठक असावी. सांधे सुजलेले असताना विश्रांती घ्यावी आणि सूज उतरताच व्यायाम सुरू करावा. मांडी घालून पूजेला बसता येत नाही, म्हणून मी कितीतरी दिवस रडले. आता खुर्चीवर बसून पूजा करते. देवाला त्यात उणे वाटत असेल, असे मला वाटत नाही.

जगात पहिल्यांदा 1967 साली मानवी हृदयाचे प्रत्यारोपण करणारे डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनाही हाच विकार होता. 1983 साली त्यांना शस्त्रक्रिया थांबवावी लागली. पण तत्पूर्वी त्याच दुखऱ्या हातांनी त्यांनी इतिहास घडवला होता.

आपल्यात असे रुग्ण किती? पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने 1996 साली घरोघर जाऊन पाहणी झाली. त्यात प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक. आपल्या गावातील घरे मोजा आणि हिशेब करा. यातील कितीजणी आज कुणाला न सांगता भाकरी थापत असतील?

त्यांना शोधण्यासाठी मोठ्या पदव्या लागत नाहीत. येथून जवळच, जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले आणि त्या स्त्रियांनी गावेच्या गावे बदलली. घरोघर जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आणि कार्यकर्तीने चहा घेताना एवढेच विचारावे, “ताई, सकाळी बोटे आखडतात का? किती वेळ?” उत्तर ‘तासभर’ असे आले आणि हे सहा आठवडे चालले असेल, तर त्या भगिनीला डॉक्टरांकडे पोहोचवणे हे आपले काम आहे.

माझे निदान झाले, त्या दिवशी सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली, तेव्हा स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी उठून गेले, तर त्यांनी मान वर न करता चुलीशेजारचे गरम पाण्याचे पातेले माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, “आधी हात शेक.” पुढली अकरा वर्षे, त्या असेपर्यंत, ते पातेले मला कधी मागावे लागले नाही.

हा रोग एका दिवसाच्या लढाईने जिंकता येत नाही. हा वेढा आहे आणि वेढ्यात टिकतो तो, ज्याला आतून रसद मिळते. औषध डॉक्टर देतील. रसद घरानेच द्यायची असते.