आर नदीकाठची एक वाट

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. अंकासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'जर्मनीतील निसर्गरम्य स्थळे : माहितीपर भाषण' असं छापलंय. ते वाचून काहीजणांनी मसाला दुधाच्या रांगेत आधीच नंबर लावलाय, हे मला इथून दिसतंय. तेव्हा वेळेत आवरतो. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर आणि पोटापाण्यासाठी आय. टी. कन्सल्टंट. त्यामुळे निसर्गावर बोलायचा माझा अधिकार किती, हे तुम्ही ओळखलंच असेल.

भारतातून पाहुणे आले की आपण सगळे काय करतो? कोलोनचं कॅथेड्रल दाखवतो आणि मग ऱ्हाइनच्या बोटीत बसवतो. बिंगेन ते कोब्लेंझ हा साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा आहेच तसा देखणा. दोन्ही काठांच्या डोंगरांवर किल्ले आणि त्यांच्याखाली द्राक्षमळे. २००२ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथली ती प्रसिद्ध लोरेलाय आली, की सगळी बोट एका बाजूला धावते. १३२ मीटर उंचीचा एक कडा! माझ्या बाबांनी तो मान वर करून शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण सिंहगडावर पिठलं-भाकरी मिळते."

तर आज ऱ्हाइनवर नाही बोलत. तिला मिळणाऱ्या एका धाकट्या नदीवर बोलतो. तिचं नाव आर. लांबी जेमतेम ८५ किलोमीटर. उगम कुठे, तर ब्लांकेनहाइम गावात एका जुन्या लाकडी चौकटीच्या घराच्या चक्क तळघरात! तिथून आयफेलच्या डोंगरांतून वळणं घेत ती झिंझिगपाशी ऱ्हाइनला मिळते. बॉनहून रेमागेनला गाडीने वीसेक मिनिटं आणि तिथून खोऱ्यात जाणारी छोटी गाडी. आपल्यातल्या बऱ्याच जणांना सकाळी निघून संध्याकाळी वरणभाताला घरी येता येईल, इतकं जवळ.

या खोऱ्यात डोंगराच्या कुशीतून, द्राक्षमळ्यांमधून जाणारी एक पायवाट आहे, 'रोटवाइनवांडरवेग', म्हणजे रेड वाईनची वाट. साधारण ३५ किलोमीटर, पण सगळी एकदम चालायची सक्ती नाही. लाल द्राक्षाच्या घडाची खूण बघत चालायचं आणि पाय दुखले की खालच्या गावात उतरायचं. काळ्या पाटीच्या दगडाचे चढ दिवसा तापतात आणि ती ऊब रात्री वेलींना मिळते, म्हणून इतक्या उत्तरेलाही लाल वाईनची द्राक्षं पिकतात. आरवायलर गावाला जुना तट आणि चार वेशी आहेत. गावावरच्या डोंगरात एक गंमत आहे. शीतयुद्धाच्या काळात, अणुयुद्ध झालंच तर सरकारला लपायला, रेल्वेच्या न वापरलेल्या बोगद्यांत १७ किलोमीटरचा बंकर बांधला होता. ३००० माणसं, ३० दिवस! आता त्याच्या एका भागात म्युझियम आहे. मुलांना फार आवडतं.

मंडळी, एवढी माहिती मला होती, तरी तीन वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो. त्याचं कारण सांगतो.

१७ जुलै २०२१. त्या शनिवारी आमचं आर नदीकाठी कॅम्पिंग ठरलं होतं. चार मराठी कुटुंबं, सहा मुलं, तंबू आणि मिसळीचा फरसाण, सगळी यादी एक्सेलमध्ये तयार. १४ तारखेला बुधवारी पाऊस सुरूच होता. फोनवर इशारे येत होते. मी ते वाचून काय केलं? ग्रुपवर लिहिलं, "शनिवारपर्यंत थांबेल, रेनकोट आणा." आणि खाली एक हसरा चेहरा.

त्या रात्री आरला पूर आला. आधीच भिजलेली जमीन, उभे चढ आणि अरुंद खोरं. पाण्याला पसरायला जागाच नव्हती. वाहून आलेली झाडं आणि कॅम्पिंगच्या गाड्या पुलांना अडकायच्या, मागे पाणी तुंबायचं आणि मग पूल सगळ्यासकट जायचा. आल्टेनआरला २०१६ च्या पुरात पाणी ३.७१ मीटरवर गेलं होतं आणि तोच तिथला विक्रम मानला जात होता. या वेळी मोजणारं यंत्रच वाहून गेलं. नंतरच्या अंदाजानुसार पाणी सुमारे १० मीटरपर्यंत चढलं होतं. एकट्या आरच्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. कितीतरी झोपेत होती, तर काही सामान वाचवायला तळघरात उतरली होती.

आमचं काही नुकसान झालं नाही. तीन दिवस आधी पूर आला म्हणून आम्ही वाचलो, एवढंच. पण तो हसरा चेहरा मी नंतर ग्रुपवरून पुसला आणि त्या विषयावर घरात बोलायचं टाळलं.

आता २०२४. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. सप्टेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी इथे सगळ्या देशात धोक्याच्या इशाऱ्यांची चाचणी होते. सकाळी ११ वाजता घरातले सगळे फोन एकदम किंचाळले आणि बाहेर भोंगा वाजला. मी बाबांना आधी सांगायला विसरलो होतो. बाबा पेपर वाचत होते. ते ताडकन उठले, माझ्या मुलाचा हात धरला आणि म्हणाले, "पाणी कुठवर आलंय?"

माझ्या मुलाला वाटलं आजोबा खेळताहेत. आईने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पानशेत."

पानशेतचा पूर पुण्यातल्या प्रत्येक घरात असतो, तसा आमच्याही घरात होता. म्हणजे 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' एवढाच. १२ जुलै १९६१ ला बाबा सहा वर्षांचे होते. याच्या पलीकडे त्यांनी आम्हाला कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना आरबद्दल सांगितलं. हसऱ्या चेहऱ्याबद्दलही सांगितलं. ते म्हणाले, "मला दाखव ती नदी."

पुढच्या शनिवारी गेलो. आरवायलरहून वर चढलो आणि मारियनथालवरून डेर्नाउपर्यंत चाललो. रोज पर्वती चढणारा माणूस, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी माझ्या पुढे चालत होता! ऊन छान होतं, द्राक्षांची तोडणी चालली होती आणि वरून नदी दिसत होती, एवढीशी. मुलाने विचारलं, "हीच का ती?" खरंच विश्वास बसत नाही. वरून मळे जसेच्या तसे हिरवे आणि खाली कुठे नवं छप्पर, कुठे रिकामा प्लॉट, तर कुठे तात्पुरता पूल.

डेर्नाउमध्ये उतरलो. एका घराच्या भिंतीवर पाण्याची खूण करून तारीख लिहिली होती. माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर. बाबा तिच्याखाली उभे राहिले आणि हात उंच केला. पोचला नाही. घरातल्या आजी अंगणात आल्या. मी जर्मनमध्ये म्हटलं, "माझ्या वडिलांनी लहानपणी असा पूर पाहिलाय." त्यांनी विचारलं, "दिवसा की रात्री?"

बाबांना मी प्रश्न सांगितला आणि इतक्या वर्षांत न बोललेला माणूस बोलायला लागला. दिवसा. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण धरून ठेवलं होतं, म्हणून पाणी दिवसाउजेडी आलं. गल्लीतून एकजण सायकलवरून "धरण फुटलं, वर पळा" असं ओरडत गेला. आजीने तिन्ही मुलांना घेतलं आणि पर्वती गाठली. आजोबांचं नारायण पेठेत पुस्तकबांधणीचं छोटं दुकान होतं. लोकांची पुस्तकं, वह्या, हिशेबाच्या चोपड्या, सगळ्याचा लगदा झाला. आजोबांनी दुकान पुन्हा उघडलं नाही. कारकुनी धरली. "लोकांचे कागद गेले, याची त्यांना जन्मभर लाज वाटली," बाबा म्हणाले.

मी हे तुकड्यातुकड्याने जर्मनमध्ये सांगत होतो. आजींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे सायकलवाला आला नाही." मग आत जाऊन आमच्यासाठी द्राक्षाचा रस घेऊन आल्या.

मंडळी, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण माझा धंदाच निरोप पोचवण्याचा आहे. २०२१ मध्ये युरोपात पावसाचे अंदाज होते, पुराचे इशारे दोन-तीन दिवस आधीपासून होते, ॲपही होतं. माहितीची कमतरता नव्हती. ती शेवटच्या दारापर्यंत पोचली नाही, आणि जिथे पोचली तिथे माझ्यासारख्याने हसरा चेहरा टाकला. आता, म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारीपासून, जर्मनीत धोक्याचा इशारा थेट फोनवर वाजतो. ॲप नसलं तरी चालतं. तो वाजला की बंद करायच्या आधी वाचा. पुराच्या वेळी तळघरात उतरू नका, गाडी काढायलाही नाही. नदीकाठी तंबू ठोकलात तर वर जायची वाट कुठे आहे, ते मुलांना उजेडातच दाखवून ठेवा. आणि शेजारच्या एकट्या आजींची बेल वाजवा. त्यांचा सायकलवाला आपणच.

आणि आरला जरूर जा. तिथल्या लोकांनी पुरात सापडलेल्या चिखलाने माखलेल्या बाटल्या 'फ्लुटवाइन', म्हणजे पुराची वाईन, म्हणून विकून मदतनिधी उभा केला, अशी ती माणसं आहेत. त्यांना कीव नकोय, पाहुणे हवेत. शरद ऋतूत गेलात तर ताजी, अर्धवट आंबलेली 'फेडरवायसर' आणि कांद्याचा केक मिळतो. आणि न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस आहेच.

शेवटचं सांगतो आणि दुधाकडे वळतो. त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "तुझी सर्टिफिकेटं, मुलाचा जन्मदाखला, कुठे ठेवतोस?" मी म्हटलं, "खाली केलरमध्ये, खोक्यात." ते काही बोलले नाहीत. लहानपणी आमच्या घरी रेशनकार्डापासून सगळे कागद पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर असायचे. प्रत्येक वेळी शिडी लावावी लागायची आणि मी कुरकुरायचो. का, ते कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर खोकं माझ्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात होतं. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने ते तीन मजले चढवलं होतं. ते अजून तिथेच आहे. कागद काढायचा झाला की मला स्टूल लागतं, आणि मी कुरकुरत नाही.

दूध गरम आहे, सावकाश घ्या.