निर्वासितांची गोष्ट त्यांच्याच तोंडून



वर्षावासात आम्ही विहारात 'लीव्हिंग फिअर बिहाइंड' हा तिबेटी माहितीपट दाखविला. अवघा २५ मिनिटांचा. पण त्यापायी धोंडुप वांगचेन सहा वर्षे तुरुंगात राहिले. २००७-०८ मध्ये त्यांनी तिबेटात फिरून १०८ जणांना बोलते केले. कित्येकांनी चेहराही लपविला नाही! चित्रफिती गुपचूप बाहेर पाठविल्या. बायको-मुलांना आधीच भारतात धाडले होते. २०१७ मध्ये ते स्वतः निर्वासित होऊन अमेरिकेत पोचले.

आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, १९७२ पासून तिबेटींची नोर्गेलिंग वसाहत आहे. शास्ता एकच, पण त्यांची हकीकत आपण कधी ऐकली? स्वेटर घेताना भाव तेवढा केला.

तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मोबाईलवर टिपायचे आम्ही ठरविले आहे. ती माणसं आता थोडीच उरली. मात्र व्हिडिओ एकदा इंटरनेटवर गेला की परत घेता येत नाही, आणि कुणाचे भाऊबंद अजून तिबेटात असतील तर त्रास त्यांना. तेव्हा आधी विचारायचं. चेहरा नको म्हणाले तर नुसता आवाज घेऊ, तोही नको म्हणाले तर चहा पिऊन परत येऊ.

तिबेटी बोलणारा दुभाषा लागेल. कुणाची ओळख असेल तर सभा संपल्यावर भेटा.

नमो बुद्धाय, जयभीम!