अर्धशिशी आणि घरची माणसे



वसंताच्या व्याख्यानमालेत दुखण्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण वऱ्हाडातला वसंत म्हणजे रणरणते ऊन, लग्नसराई, वाजंत्री आणि जागरणे. ज्याला अर्धशिशी आहे त्याला या चारही गोष्टींची फाल्गुनापासूनच धास्ती असते. तेव्हा विषय ऋतूला धरूनच आहे.

हे दुखणे आमच्या घरी बावीस वर्षे नांदते आहे. ते आम्हांस नाही, आमच्या सौ.ना आहे, आणि त्यांच्या अनुमतीनेच आम्ही आज येथे बोलत आहो. पहिली पाचसहा वर्षे आम्ही जसे वागलो तसे कोणी वागू नये, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम दुखण्याची ओळख. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत अर्धावभेदक हा एक. ग्रीक वैद्यांनीही त्याला ‘अर्धे डोके’ अशाच अर्थाचे नाव दिले, आणि तोच शब्द झिजत झिजत ‘मायग्रेन’ झाला. अर्धे डोके ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसत नाही, जिना चढला तरी कळ वाढते. उपचार न केल्यास हा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, आणि त्यांतले निदान ८ दिवस अर्धशिशीचे असतील, तर डॉक्टर त्याला जुनाट अर्धशिशी म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार सुमारे तिप्पट आढळतो. हा मनाचा खेळ नव्हे. चेहऱ्याच्या व मस्तकाच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंतून सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटते व ते वेदना भडकवते, हे दाखविणाऱ्या चार संशोधकांना २०२१ साली डेन्मार्कचे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले.

पण आम्हांस तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. पुतणीचे लग्न होते. हळदीच्या दिवशी सौ. माजघरात अंधार करून निजल्या. ओसरीवर कोणी तरी म्हणाले, “नेमके कामाच्या वेळीच कसे दुखते?” सगळे हसले, आणि आम्हीही हसलो. ते हसू आत ऐकू गेले. त्या उठल्या, कपाळाला पट्टी बांधून त्यांनी पंगत वाढली आणि मग परसात जाऊन ओकल्या. आमच्या मातुःश्रींनी त्यांना पुन्हा निजविले, खिडकीवर गोधडी टांगली आणि आम्हांस बाहेर बोलावून म्हटले, “बापू, तिचं दुखनं तिलेच ठाऊक. तू हसू नको, वाजंत्री दूर बसव.” मातुःश्री शाळेत गेल्या नव्हत्या. पण या रोगात घरच्या माणसाचे पहिले कर्तव्य कोणते, ते त्यांना कळले होते.

ताप मोजता येतो, मोडलेले हाड चित्रात दिसते. अर्धशिशीची खूण बाहेर दिसत नाही. रोग्याचा शब्द हाच पुरावा. तो शब्दच घरच्यांनी नाकारला, की रोग्याला दोन दुखणी होतात, एक डोक्याचे आणि दुसरे खोटे ठरल्याचे. दुसरे आम्ही दिलेले असते. त्यावर औषध नाही.

दुसऱ्याचा शब्द कसा घ्यावा, हे तर रिद्धपूरकरांना परक्याने सांगावयास नको. तेराव्या शतकात, श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर, म्हाइंभटांनी याच गावी लीळा लिहिल्या. ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते गेले, त्यांना विचारले, आणि नागदेवाचार्यांच्या साहाय्याने सारे पारखून घेतले. सांगणाऱ्याला आधी नीट ऐकावयाचे, मग लिहावयाचे.

आम्ही हीच रीत लहान प्रमाणावर घरी आणली. एक वही घातली. तारीख, झटक्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, उपास, ऊन, पाळी आणि किती गोळ्या घेतल्या, हे सारे तीत लिहू लागलो. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी गोळ्यांच्या रकान्यावर बोट ठेवले. महिन्यातले अठरा दिवस गोळी पोटात जात होती! साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस आणि मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस अशी महिनोन्‌महिने घेतली, तर ती गोळीच डोकेदुखी वाढविते. आम्ही दुकानातून आणून देत होतो ते प्रेमानेच, पण दुखण्यास खतपाणी घालीत होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी केल्या. ते पहिले पंधरवडे फार कठीण गेले. पुढे झटका येऊच नये म्हणून रोज घ्यावयाचे औषध सुरू झाले. आज दुखण्याचे दिवस महिन्यात सहासातांवर आले आहेत. रोग गेला नाही, पण संसार परत मिळाला.

अनुभवाने शिकलेल्या दोनचार गोष्टी सांगतो. काय हवे ते बरे असताना विचारून ठेवावे. झटक्यात “आता कसे वाटते?” असे दर घटकेला विचारणे हाही त्रासच. पाणी, ओली पट्टी, अंधार आणि शांतता द्यावी, मुलांना जेवू घालावे. “उपास करू नको” असे म्हणण्याचा अधिकार सासूने आपण होऊन सुनेला द्यावा. सुंठीचा लेप लावावयास हरकत नाही, पण मंतरण्यात वर्षे घालवू नयेत. कळ एकाएकी विजेसारखी आली, ताप किंवा मान ताठणे सोबत असले, हातपाय वा वाचा अडखळली, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे डोके दुखू लागले, तर अर्धशिशी समजून घरी थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. शुश्रूषा करणाराही थकतो; त्याने ते कबूल करावे आणि बहीणभावंडांत पाळी लावून घ्यावी.

शेवटी एकच. याच गावी श्रीगोविंदप्रभू राहिले. काही लोक त्यांना वेडे म्हणत, पुष्कळ जण मायबाप मानीत. त्यांच्या वागण्याचा अर्थ जवळच्यांनाही नेहमी लागत नसे. तरीही अर्थ कळल्यावर सेवा करू, असे त्यांच्या सेवकांनी म्हटले नाही. दुसऱ्याची वेदना आपल्या डोक्यात कधीच पूर्णपणे उतरत नाही. ती उतरेपर्यंत थांबू नये. आज घरी गेल्यावर कोणी अंधाऱ्या खोलीत निजलेले दिसले, तर दिवा लावू नका, दार हळू लोटा आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा.