घड्याळाच्या पोटातला आकडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात एक खिशाचे घड्याळ आहे. पिवळसर डबी, पांढरी तबकडी, तबकडीवर ‘एल्जिन’ हे नाव. लहानपणी ते वर्षातून दोनदाच दिसायचे, दोन्ही ईदना. माझी फुफी, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कपाटातून मलमलीची घडी काढायची, घड्याळाला चार पीळ किल्ली द्यायची, आम्हा पोरांच्या कानाला लावायची आणि गोष्ट सांगायची.

गोष्ट अशी. आमचे आजोबा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. त्या भागातली पुष्कळ मुसलमान मंडळी तेव्हा मुंबईला जाऊन गोऱ्यांच्या आगबोटींवर खलाशी म्हणून लागत. आजोबाही लागले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्यांच्या बोटीवर टॉर्पेडो बसला. आजोबांनी पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या कप्तानाला होडीत ओढून घेतले. किनाऱ्याला लागल्यावर कप्तानाने खिशातले घड्याळ साखळीसकट काढले आणि आजोबांच्या हातावर ठेवले.

पुढे मी कविता लिहू लागलो तेव्हा या घड्याळावरही एक लिहिली. दिवाळी अंकात छापून आली, कवितासंग्रहातही घेतली. फुफीला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “कप्तानाचा कोट निळा होता, ते राहिलं.” एकूण, हे घड्याळ म्हणजे आमच्या घराण्याची सनद होती. सनद कोणी तपासत नाही. मी तपासली, आणि त्याला निमित्त झाले अब्राहम लिंकन यांचे घड्याळ.

मार्च २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात लिंकन यांचे सोन्याचे घड्याळ उघडण्यात आले. त्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली. जोनाथन डिलन नावाचा एक कारागीर १८६१ साली वॉशिंग्टनमधल्या एका दुकानात ते घड्याळ दुरुस्त करत असताना बातमी आली, की फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या, यादवी युद्ध सुरू झाले. डिलनने हातातल्या हत्याराने घड्याळाच्या आतल्या पत्र्यावर दोन ओळी कोरल्या आणि घड्याळ बंद केले. लिंकन यांना याचा पत्ताच नव्हता. पंचेचाळीस वर्षांनी, १९०६ साली, म्हाताऱ्या डिलनने एका वार्ताहराला ही हकीकत सांगितली. गुलामगिरी आता मेली आणि ती मोडण्याचा निदान प्रयत्न तरी करील असा अध्यक्ष आपल्याला लाभला, असे आपण कोरल्याचे त्याने सांगितले.

उघडल्यावर काय निघाले? मजकूर होता. डिलन खरे बोलला होता. पण मजकूर वेगळा होता. नाव, तारीख, बंडखोरांनी किल्ल्यावर हल्ला केल्याची नोंद आणि आपल्याला एक सरकार आहे याबद्दल देवाचे आभार. गुलामगिरीचा शब्दही नाही. तारीखही एका दिवसाने चुकलेली, हल्ला १२ एप्रिलचा आणि कोरलेली तारीख १३. शिवाय नंतर घड्याळ हाताळणाऱ्या कोणी तरी आपलेही नाव कोरून ठेवले होते आणि कोणी तरी चक्क शत्रुपक्षाच्या अध्यक्षाचे, जेफ डेव्हिसचे! डिलन खोटारडा नव्हता. मधल्या पंचेचाळीस वर्षांत देशाने जे पाहिले ते त्याच्या स्मृतीने मागे नेऊन १८६१च्या पत्र्यावर कोरले. हे वाचले आणि मला आमची मलमलीची घडी आठवली.

आता लिंकन यांच्या त्या घड्याळाचे यंत्र अमेरिकन नव्हते, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे होते. तेव्हा अमेरिकेतल्या बऱ्या माणसांच्या खिशात बहुधा इंग्लंडचे किंवा स्वित्झर्लंडचे घड्याळ असे. ते एकेका कारागिराच्या हातचे काम. एका घड्याळाचे चक्र दुसऱ्याला बसेलच असे नाही. ही रीत मोडली ती ॲरन डेनिसन या माणसाने. डेनिसन चांभाराचा मुलगा. सरकारी शस्त्रागारात बंदुकांचे भाग यंत्रावर एकसारखे घडवले जातात आणि कुठल्याही बंदुकीला कुठलाही भाग बसतो, हे त्याने पाहिले होते. बंदुकीचे जमते तर घड्याळाचे का नाही? १८५० साली एडवर्ड हॉवर्डसारख्या भागीदारांना घेऊन त्याने बॉस्टनजवळ कारखाना काढला. १८५४ मध्ये तो वॉल्थम गावी हलवला आणि १८५७ मध्ये त्याचे दिवाळे वाजले. कल्पना सोपी, पण केसाएवढ्या जाडीचे भाग यंत्रावर काढणारी यंत्रेच आधी घडवावी लागतात, त्यात पैसा आटला. लिलावात कारखाना रॉयल रॉबिन्स या व्यापाऱ्याने घेतला, त्याने तो जगवला. यादवी युद्धात ‘विल्यम एलरी’ नावाचे स्वस्त मॉडेल सैनिकांच्या खिशात गेले आणि वॉल्थमचे नशीब फळफळले. डेनिसन मात्र शेवटी इंग्लंडला बर्मिंगहॅमला जाऊन घड्याळाच्या डब्या करत बसला. ज्याने अमेरिकेला घड्याळ दिले तो इंग्लंडमध्ये मेला, हे मला फार चटका लावते.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थमने आपोआप स्क्रू पाडणारी यंत्रे मांडली तेव्हा स्विस पाहुणे हबकून गेले. त्यांतल्या फाव्र-पेरे या जाणत्याने परत जाऊन आपल्या लोकांना स्पष्ट सुनावले, की आपण झोपलो आहोत. १८७२ साली स्विस घड्याळांची अमेरिकेतली विक्री सुमारे १ कोटी ८० लाख फ्रँकची होती, ती चार वर्षांत ५० लाखांच्या खाली आली होती. आपल्याकडे ‘स्विस घड्याळ’ म्हणजे शेवटचा शब्द. त्या स्विसांना एकेकाळी अमेरिकेकडून शिकवणी घ्यावी लागली होती.

आमच्या घड्याळाचे एल्जिन हे शिकागोजवळचे गाव. तिथली कंपनी १८६४ ची. तिचे पहिले घड्याळ १८६७ मध्ये बाहेर पडले, त्याला कंपनीचे अध्यक्ष आणि शिकागोचे माजी महापौर रेमंड यांचे नाव दिले होते, आणि त्यावर क्रमांक होता १०१. इथे आपल्या कामाची गोष्ट सुरू होते. कारखाना प्रत्येक यंत्रावर एक क्रमांक कोरी आणि त्याची नोंद ठेवी. या नोंदींवरून अभ्यासकांनी तक्ते केले आहेत. १९४३ पासून घड्याळ संग्राहकांची एक मोठी संघटना अमेरिकेत आहे, पेनसिल्व्हेनियातल्या कोलंबिया गावी तिचे संग्रहालय आहे. अशा मंडळींनी हे तक्ते जपले. क्रमांक हाती असला तर यंत्र कोणत्या सालच्या आसपासचे ते कळते. ‘आसपासचे’ हा शब्द महत्त्वाचा. क्रमांक हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनी राखून ठेवत. एखादा गठ्ठा मागे राही, पुरे झालेले यंत्रही दुकानात दोन-चार वर्षे पडून राही.

पण कोणता क्रमांक? नवशिका नेमका इथे फसतो. मीही फसलो. आमच्या घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आत एक लांबलचक क्रमांक आहे, मी तोच घेऊन बसलो. चिपळूणच्या बाजारात माझा एक मित्र घड्याळे दुरुस्त करतो. तो हसला. म्हणाला, “कविराज, हा डबीचा नंबर. मशीनचा नंबर मशीनवर असतो.” त्या काळी अमेरिकेत यंत्र एका कारखान्याचे आणि डबी दुसऱ्याच कारखान्याची असे. गिऱ्हाईक सराफाकडे जाई, यंत्र निवडी, ऐपतीप्रमाणे डबी निवडी, आणि सराफ दोन्हींची जोडी लावून देई. मापे ठरलेली असत. सोळा नंबरी यंत्र, म्हणजे साधारण ४३ मिलिमीटरचे, ते सोळा नंबरी डबीत बसायचेच. डेनिसनच्या बंदुकीच्या कल्पनेचे हे फळ. त्यामुळे डबीवरून यंत्राचे वय सांगता येत नाही आणि तबकडीवरच्या नावावर तर मुळीच विसंबू नये, कारण पुष्कळदा ते नुसते विकणाऱ्या सराफाचे असते.

डबीही काही सांगते, पण मोघम. सोन्याचा मुलामा नव्हे, तर हलक्या धातूच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे पत्रे दाबून केलेल्या डब्या निघाल्या त्या जेम्स बॉसच्या १८५९ च्या पेटंटनंतर. त्यांवर ‘वीस वर्षांची हमी’ असे शिक्के मारत. सोने झिजून खालचा धातू दिसायला किती वर्षे लागतील, त्याची ही हमी. १९२४ च्या सुमारास अशा वर्षांच्या हमीवर बंदी आली. आमच्या डबीवर वीस वर्षांचा शिक्का आहे. म्हणजे डबी त्याआधीची. मी खूश झालो.

अमेरिकन रेल्वेची घड्याळे हा याच विषयातला मोठा अध्याय. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यात किप्टन इथे डाकगाडी आणि उतारूंची गाडी समोरासमोर धडकल्या. टपालाच्या डब्यात पत्रे निवडणारे कारकून जागीच मेले. एका इंजिनचालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे सांगतात. चार मिनिटे! त्यानंतर क्लीव्हलँडचा जवाहिऱ्या वेब बॉल याच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली आणि कडक नियम रूढ झाले. आठवड्यात तीस सेकंदांपेक्षा जास्त चूक नको. निदान सतरा माणके हवीत. घड्याळ उभे, आडवे, उताणे कसेही ठेवले तरी चाल बदलता कामा नये. काटे काळे, आकडे ठळक. वेळ लावायची तर काच फिरवून काढावी लागे आणि कडेची बारीक पट्टी ओढावी लागे; किल्ली देता देता चुकून काटे सरकू नयेत म्हणून ही युक्ती. सतरा, एकवीस माणके कोरलेले, ‘पाच स्थितींत जुळवलेले’ असे लिहिलेले यंत्र दिसले, की ते या नियमांच्या छायेत वाढलेले समजावे. याच्या दुसऱ्या टोकाला इंगरसोलचे एका डॉलरचे घड्याळ, १८९६ चे. गांधीजींच्या घड्याळाच्या संदर्भात हे नाव पुष्कळांनी वाचले असेल.

तर, मित्राने मागचे झाकण फिरवून काढले. आतले यंत्र पाहून मी काही वेळ गप्पच राहिलो. निकेलच्या पट्ट्यांवर पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी, मधोमध झुलणारे चक्र. आत इतके देखणे काम, आणि ते फक्त दुरुस्त करणाऱ्यालाच दिसावे! भिंगाखाली त्याने क्रमांक वाचला. दोन कोटी सत्तर लाखांच्या पुढचा. तक्त्यात पाहिले. १९२४ च्या आसपास.

१९१७ सालच्या कप्तानाच्या खिशात १९२४ सालचे घड्याळ! मी पुन्हा वाचायला लावले. आकडा तोच. खरे सांगतो, मला कोणी तरी भर बाजारात पगडी उडवल्यासारखे वाटले. आजोबांनी हे घड्याळ मुंबईत विकत घेतले असेल का? मग गोष्ट कोणाची? आणि माझ्या संग्रहातल्या त्या कवितेचे काय करायचे?

मित्र मात्र अजून भिंग लावून बसला होता. “थांबा,” म्हणाला. यंत्राच्या कडेला दोन स्क्रू असतात. त्यांची डोकी डबीच्या आतल्या कठड्यावर दाबून बसतात आणि यंत्र धरून ठेवतात. वर्षानुवर्षांच्या दाबाने कठड्यावर खूण उमटते. आमच्या डबीत अशा खुणा दोन नव्हे, चार होत्या. दोन आताच्या स्क्रूंखाली आणि दोन थोड्या बाजूला, जुन्या, काळवंडलेल्या. म्हणजे या डबीत आधी दुसरे यंत्र राहून गेले होते. कोणते, कुठले, कधी काढले, ते ती खूण सांगत नाही.

महिनाभर मी फुफीला काही बोललो नाही. नंतर त्या वर्षीच्या ईदला तिने मलमल सोडली तेव्हा राहवले नाही. सगळे सांगितले, क्रमांक, तक्ता, चार खुणा. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “कप्तान पाण्यात पडला होता ना? खाऱ्या पाण्यात भिजलेलं मशीन किती दिवस चालणार होतं?”

हे तिला आधीपासून ठाऊक होते की तिने त्याच क्षणी जुळवले, ते मी विचारले नाही. मला ते पटले, असेही म्हणत नाही. आजोबा पगार जमवून जुन्या डबीचे घड्याळ घेऊन आले असतील, हेही तितकेच शक्य आहे. ती मात्र नेहमीसारखी चार पीळ किल्ली देऊन माझ्या धाकट्या मुलीच्या कानाला घड्याळ लावत होती आणि निळ्या कोटापर्यंत पोचली होती.

फुफी २०१४ मध्ये गेली. घड्याळ आता माझ्याकडे आहे. संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा कविता तशीच ठेवली, फक्त तिच्याखालचे १९१७ हे साल काढले. घड्याळ हल्ली दिवसाला सहा-सात मिनिटे पुढे पळते, आतले तेल वाळले असणार. साफ करायला चिपळूणला टाकायचे आहे. मित्राला एवढेच सांगून ठेवले आहे, की डबी बाहेरून कितीही चमकव, पण आतला कठडा घासू नकोस.