नेहमीचंच द्या!

(उंब्रजच्या प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आपण खाण्याच्या गोष्टी करणार आहोत. हसू नका! खाण्यातही अक्षराचं काम पडतं. कसं, ते ऐका.

आपलं उंब्रज हमरस्त्यावरचं गाव. पुणे-बेंगळूरु रस्ता गावाला लागून जातो. चाफळच्या रामाला जाणारे लोक इथं उतरतात. पाटणकडचे, मसूरकडचे लोक इथं गाडी बदलतात. गाडीला वेळ असला, की पाय हॉटेलाकडे वळतात.

बाकावर बसलं, की वाढपी विचारतो, "काय देऊ?" आपण म्हणतो, "नेहमीचंच दे."

कुणाचं नेहमीचं म्हणजे मिसळ. मोड आलेली मटकी, वर तर्री, फरसाण, कांदा आणि लिंबाची फोड. सकाळी मिसळ खाल्ली, की दुपारपर्यंत भूक आठवत नाही. कुणाचं नेहमीचं म्हणजे कांदाभजी आणि कडक चहा. कुणाला वडा-पाव लागतो. तो हातात धरून गाडीत चढता येतं. हा वडा-पाव फार जुना नव्हे, बरं का! १९६६ साली मुंबईत दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असं सांगतात. गिरणी कामगाराला तो सोयीचा पडला. वेळ थोडा, पैसा थोडा, आणि पोट तर भरलं पाहिजे!

पण मंडळी, "नेहमीचंच दे" हे माणूस दोन कारणांनी म्हणतो. एक, ते आवडतं म्हणून. दुसरं, पाटी वाचता येत नाही म्हणून. भिंतीवर दहा-पंधरा जिन्नस लिहिलेले असतात. पुढे भाव असतो. वाचता न येणाऱ्याला ती नुसती भिंत. विचारायची लाज वाटते. मग शेजारच्या बशीकडे बोट दाखवायचं, "त्यांना दिलं तेच द्या." आम्हीही कैक वर्षं हेच केलं.

आमच्या वर्गात एक मावशी आहेत. त्यांचे मालक भजी मागवत, म्हणून मावशीही भजीच खात. भजी खाल्ली, की त्यांना घशाशी येई. पण दुसरं काय मिळतं, ते ठाऊक नव्हतं. गेल्या बाजाराला आम्ही सातजण हॉटेलात गेलो. मावशींनी पाटीकडे पाहून अक्षर लावलं, "उ... प्पी... ट." मग मोठ्यानं म्हणाल्या, "बाळा, एक उप्पीट आण." उप्पीट आलं. मावशींनी ते सावकाश खाल्लं. आम्हाला एक घासही दिला नाही! वर म्हणाल्या, "चाळीस वर्सं ह्या ष्ट्यांडावर खाते. आज पयल्यांदा माझं मी मागवलं."

पैसे देताना आणखी एक गोष्ट घडली. पाटीवर लिहिलं होतं, 'मिसळ, दोन पावांसह'. गल्ल्यावर मात्र पावाचे पैसे वेगळे धरले. आम्ही भांडलो नाही. पाटी वाचून दाखवली. गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "चूक झाली." त्यांनी जादा पैसे परत दिले. वाचता येत नव्हतं, तेव्हा अशा किती चुका झाल्या असतील?

म्हणून हॉटेलात गेल्यावर एवढं करावं. आधी पाटी वाचावी. भाव पाहावा. मग मागवावं. कढईतलं तेल काळं पडलं असेल, खवट वास येत असेल, तर त्या दिवशी वडा-भजी नको म्हणावी. बाटलीबंद पाणी किंवा पुडा घेतला, तर त्यावरची तारीख वाचावी. बिल मागून घ्यावं. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला परवाना किंवा नोंदणी लागते. तिचा १४ आकडी क्रमांक असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. तक्रार करायची वेळ आली, तर तो क्रमांक उपयोगी पडतो.

मिसळ आवडते, तर मिसळच खा. "नेहमीचंच दे" असं खुशाल म्हणा. पण पाटी वाचून म्हणा. मग ते नेहमीचं खरोखर आपल्या आवडीचं होईल.